न पटणारा पाहुणा व्यासपीठावर येतो तेव्हा

विद्यापीठाच्या व्याख्यान समितीत मी बरीच वर्षं काढली. सुरळीत पार पडलेली भाषणं आता फारशी आठवत नाहीत. आठवतात ती, ज्यांच्या आधी आठवडाभर फोन खणखणत होते आणि ‘या माणसाला बोलावलंतच कसं?’ असं जो तो विचारत होता. त्यातली काही भाषणं पार पडली, काही उधळली गेली. कारणं शोधायला बसलं की बोट जवळजवळ दर वेळी कार्यक्रमाच्या आधीच्या पंधरा दिवसांकडे जातं. पत्रात काय लिहिलं, विरोधकांना कोण भेटलं, माइक कोणाच्या हातात द्यायचा हे कधी ठरलं. ऐन सभेत जे सौजन्य दिसतं, ते आधी केलेल्या कंटाळवाण्या कामातून आलेलं असतं. हा लेख त्या कामाबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक फरक करून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. सभेत दोन वेगळ्या गोष्टी लागतात. पहिली म्हणजे बोलणाऱ्याचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. हा नियम आहे आणि तो पाळायला लावता येतो. दुसरी म्हणजे लोकांनी एकमेकांशी नीट वागलं पाहिजे. याची अपेक्षा करायची, विनंती करायची, स्वतः तसं वागून दाखवायचं, पण दंडुका उगारून सौजन्य वसूल करता येत नाही. येल विद्यापीठाने १९७४ साली हा प्रश्न फार नीट हाताळला. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी नोबेल मिळालेले विल्यम शॉकली वंश आणि बुद्धिमत्ता यांविषयीच्या मतांमुळे बदनाम झाले होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये येलच्या सभागृहात श्रोत्यांनी त्यांना बोलूच दिलं नाही. त्यानंतर इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: परस्परांविषयीचा आदर ही प्रत्येकाची नैतिक जबाबदारी आहेच, पण ‘असभ्य वाटतं’ एवढ्या कारणावरून कोणाचं तोंड बंद करता येणार नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. पाहुण्याची मतं उद्धट वाटली म्हणून त्याचं भाषण रद्द होत नाही, तसंच विद्यार्थ्याचा प्रश्न उद्धट वाटला म्हणून त्याच्या हातातला माइक काढून घेता येत नाही.

‘ज्यांना झळ बसत नाही त्यांना हे बोलायला सोपं आहे’ असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. म्हणून पॉली मरे यांचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. १९६३ साली येलमधल्या एका विद्यार्थी संघटनेने अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना बोलावलं. वॉलेस वर्णभेदाचे उघड पुरस्कर्ते होते. त्याच सप्टेंबरमध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथे चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या होत्या. विद्यापीठाचे कार्यवाहक अध्यक्ष किंगमन ब्रूस्टर यांनी संघटनेला निमंत्रणाचा फेरविचार करायला सांगितलं. पॉली मरे त्या वेळी येलमध्येच कायद्याचं संशोधन करत होत्या. स्वतः कृष्णवर्णीय, नागरी हक्कांच्या वकील, वर्णभेद सोसलेल्या. त्यांनी ब्रूस्टर यांना पत्र लिहिलं की वॉलेस यांना बोलू द्या, हिंसा होईल ही भीती कायद्याने पुरेसं कारण ठरत नाही. हीच भीती पुढे करून कोणाकोणाचे मोर्चे अडवले जातात, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

बोलावण्याआधी: दोन वाक्यांची परीक्षा

या माणसाला का बोलावतो आहोत, हे दोन वाक्यांत लिहून काढा. त्यात ‘खळबळ’, ‘धडा’, ‘त्यांना दाखवून देऊ’ असं काही डोकावलं तर थांबा. पुष्कळ निमंत्रणं ही पाहुण्याच्या काठीने साप मारण्याचे उद्योग असतात. कॅम्पसमधल्या दुसऱ्या गटाला डिवचायचं असतं, तोंड मात्र पाहुण्याचं वापरायचं. असा पाहुणा आला की सभा गाजते, पण ज्या विषयावर म्हणून सभा ठेवली त्याचं कोणाला काही घेणंदेणं नसतं.

दोन वाक्यं नीट जमली तर पुढचा प्रश्न: बोलावतो आहोत ते भाषणाला की सन्मानाला? यात सरमिसळ झाली की निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. पदवीदान समारंभात एकटा पाहुणा बोलतो, प्रश्नोत्तरं नसतात, विद्यार्थ्यांना आणि पालकांना उठून जायची सोय नसते आणि बहुधा मानद पदवीही दिली जाते. तिथे विरोध करणारे ‘आमच्या नावाने यांचा सन्मान करू नका’ असं म्हणत असतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य असतं. २०१४ च्या वसंतात अमेरिकेत असं एकामागून एक झालं. ब्रँडाइस विद्यापीठाने इस्लामच्या कडव्या टीकाकार अयान हिरसी अली यांना जाहीर केलेली मानद पदवी मागे घेतली. विरोध वाढल्यावर रटगर्समधून अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस यांनी आणि हॅव्हरफर्डमधून बर्कली विद्यापीठाचे माजी प्रमुख रॉबर्ट बर्जनो यांनी स्वतःच माघार घेतली. याच तिघांना एखाद्या साध्या संध्याकाळी, दीड तासाच्या प्रश्नोत्तरांसह बोलावलं असतं, तर विरोध झाला असता, पण त्याचं रूप वेगळं राहिलं असतं. म्हणून माझा सल्ला असा की वादग्रस्त माणसाला बोलवा, पण जिथे त्याला उलट विचारता येईल अशाच ठिकाणी.

जाहिरातीत बोलावणारा कोण हे ठळक लिहा. विभागाने बोलावलं असेल तर विभागाचं नाव, विद्यार्थी संघटनेने बोलावलं असेल तर संघटनेचं. शिकागो विद्यापीठाच्या १९६७ च्या केल्व्हन अहवालाने मांडलेली भूमिका इथे उपयोगी पडते. त्या अहवालाच्या मते विद्यापीठ स्वतः टीकाकार नसतं, टीका करणाऱ्यांचं ते घर असतं. त्यामुळे निमंत्रण ज्याचं त्याचं, संस्थेची त्यावर मोहर नाही, हे आधीच स्पष्ट राहतं.

जाता जाता एक गंमत. १९८३ साली जेरी फॉलवेल यांच्या कट्टर धार्मिक-राजकीय संघटनेचं सभासदकार्ड चुकून उदारमतवादी सिनेटर टेड केनेडी यांच्या घरी पोहोचलं. चेष्टा झाली, बातम्या झाल्या, आणि त्या घोळातून फॉलवेल यांच्या लिबर्टी बाप्टिस्ट कॉलेजात केनेडींचं भाषण ठरलं. ते शांतपणे पार पडलं. दोन वाक्यांच्या माझ्या परीक्षेत ते निमंत्रण सपशेल नापास झालं असतं, हेही मान्य करतो.

निमंत्रणपत्रात काय हवं

विरोध होणार हे ठाऊक असून पाहुण्यापासून लपवणं हा मला सर्वांत मोठा असभ्यपणा वाटतो. ‘आपण येताय याचा आनंद आहे’ एवढंच लिहून त्याला काळ्या फितींच्या रांगेतून आत आणायचं, याला पाहुणचार म्हणत नाहीत. पत्रात सरळ लिहा: आपल्या अमुक मतांना इथे तीव्र विरोध आहे, बाहेर निदर्शनं होतील, आत शांत निषेधाला मुभा आहे. भाषण इतकी मिनिटं, प्रश्नोत्तरं इतकी मिनिटं, प्रश्न आधी छाननी करून घेतले जाणार नाहीत, ध्वनिमुद्रण होईल आणि ते काटछाट न करता ठेवलं जाईल. सूत्रसंचालन कोण करणार तेही लिहा. पाहुणा ‘प्रश्न नकोत’ म्हणाला तर निमंत्रण तिथेच थांबवायला हरकत नाही. आमच्याकडे एकदा तसं झालं आणि त्या नकाराचं आजही वाईट वाटत नाही.

वेळेचं गणित सांगायचं तर, भाषणाइतकाच वेळ प्रश्नांना द्या. पाऊण तास भाषण, पाऊण तास प्रश्न. ‘वेळ उरला तर प्रश्न घेऊ’ ही ओळ म्हणजे भांडणाला आवतण. प्रश्न विचारायला मिळणार याची खात्री असलेला माणूस भाषणात मध्येच ओरडण्याची शक्यता कमी असते.

एकदा दिलेलं निमंत्रण दबावाखाली मागे घेऊ नका. सुरक्षेचा खरोखरच प्रश्न आला तर रद्द करण्याऐवजी तारीख बदला, जागा बदला, आणि कारण जाहीर करा. सुरक्षेच्या खर्चाचीही एक बाजू लक्षात ठेवा. विरोध जास्त म्हणून आयोजकांकडून शुल्क जास्त घ्यायचं ठरलं, तर गोंधळ घालणाऱ्यांच्या हाती आयती किल्लीच जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये फोर्सिथ काउंटी खटल्यात नेमका हा प्रकार घटनाबाह्य ठरवला, कारण ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रियेवरून बोलण्याची किंमत ठरवता येत नाही. इंग्लंडमध्ये तर १९८६ च्या शिक्षण कायद्यापासूनच विद्यापीठांवर पाहुण्या वक्त्यांच्या भाषणस्वातंत्र्याची जपणूक करण्याचं बंधन आहे. तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते कायदेशीर सल्लागाराला विचारून घ्या, पण पत्र पाठवण्याआधी.

विरोधकांना भेटा, आणि तुम्हीच जा

ही पायरी बहुतेक आयोजक गाळतात. निषेधाचं पत्रक निघालं की त्यावर सही करणाऱ्यांना फोन करा. समजूत काढण्याच्या फंदात पडू नका. ते निमंत्रण मागे घ्यायला सांगतील, तुम्ही नाही म्हणाल, इथवर दोघांनाही ठाऊक असतं. भेट घ्यायची ती व्यवस्थेसाठी. बाहेर कुठे उभं राहता येईल, ध्वनिक्षेपक चालेल का, आत फलक आणता येतील का, उठून जायचं असेल तर कोणत्या दाराने, प्रश्नांच्या रांगेत किती जण उभे राहू शकतील. एका वर्षी या भेटीत एका विद्यार्थिनीने मला विचारलं, “सर, आम्ही पाठ फिरवून उभे राहिलो तर तुम्ही बाहेर काढणार का?” मी तोपर्यंत याचा विचारच केला नव्हता. बसून ठरवलं: मागच्या दोन ओळींत आणि भिंतीलगत उभं राहिलं तर चालेल, कारण तिथे कोणाच्या डोळ्यांआड व्यासपीठ येत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी वीसएक जण तसे उभे राहिले. भाषण झालं, निषेधही झाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रात दोन्ही दिसलं.

नियम तीन ओळींत बसतील इतकेच ठेवा, चार दिवस आधी लावा, आणि मुख्य म्हणजे पुढच्या महिन्यात तुमच्या आवडीचा पाहुणा येईल तेव्हा शब्दही न बदलता तेच लावा. पाहुण्यागणिक नियम बदलतात असं एकदा दिसलं की तुमच्या शब्दाला काडीची किंमत राहत नाही.

हे काम झालं नाही तर काय होतं, याचं सर्वांत बोचरं उदाहरण अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजचं. २ मार्च २०१७ रोजी वंश आणि बुद्धिमत्तेवरच्या लिखाणामुळे वादग्रस्त ठरलेले लेखक चार्ल्स मरे तिथे बोलायला गेले. विद्यार्थी उठून पाठ फिरवून उभे राहिले, इथवर ठीक. मग घोषणा सुरू झाल्या त्या थांबेनात. शेवटी मरे आणि त्यांना प्रश्न विचारण्यासाठी नेमलेल्या प्राध्यापक अ‍ॅलिसन स्टँगर दुसऱ्या खोलीत गेले आणि तिथून संवादाचं थेट प्रक्षेपण केलं. त्यातही आगीच्या घंटा वाजवल्या गेल्या. बाहेर पडताना जमावाच्या ओढाताणीत स्टँगर यांच्या मानेला इजा झाली, मेंदूला मार बसला. मरे यांना अवघड प्रश्न विचारायला ज्या बाई बसल्या होत्या, त्याच जखमी झाल्या.

परिचय: इथे सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते

परिचय करून देणाऱ्यासमोर दोन खड्डे असतात. पहिला, पाहुण्याची आरती ओवाळणं. ‘थोर विचारवंत’, ‘निर्भीड आवाज’. विरोधकांच्या जखमेवर मीठ चोळायला इतकं पुरतं. दुसरा खड्डा म्हणजे शालजोडीतले देणं, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. एका वक्त्याच्या परिचयात मी ‘ज्यांच्या संशोधनाबद्दल त्यांच्याच क्षेत्रात फारसा आदर नाही असे’ अशी ओळ घातली. लिहिताना फार धारदार वाटली होती. वक्ता उठला, माझ्याकडे बघून हसला आणि त्याने पहिली दहा मिनिटं त्या एका ओळीवर घालवली. सभागृह त्याच्या बाजूने झुकत गेलेलं मला खुर्चीत बसून दिसत होतं. विषय राहिला बाजूला आणि त्याला फुकटात सहानुभूती मिळाली.

माझी चूक चारशे लोकांपुढे झाली. कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांची जगापुढे झाली. २४ सप्टेंबर २००७ रोजी इराणचे अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद तिथे बोलणार होते. निमंत्रणावरून रान उठलं होतं. बोलिंजर यांनी परिचयाच्या भाषणातच पाहुण्याला तोंडावर ‘क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहा’ म्हटलं आणि आरोपांची लांबलचक यादी वाचली. आरोप खोटे नव्हते. पण अहमदीनेजाद उभे राहिले आणि म्हणाले की आमच्याकडे पाहुण्याला बोलावलं की त्याच्याविषयी मत बनवण्याचं काम आम्ही विद्यार्थ्यांवर सोपवतो. टाळ्या पडल्या. ज्यांच्या राजवटीत विद्यार्थी तुरुंगात जात होते, त्यांना अमेरिकी विद्यापीठात सौजन्याचा धडा देण्याची संधी मिळाली.

त्याच सभेत पुढे काय झालं ते मात्र कमी लोकांना आठवतं. प्रश्नोत्तरांत डीन जॉन कोट्सवर्थ यांनी इराणमधल्या समलिंगी लोकांना होणाऱ्या शिक्षांबद्दल विचारलं. अहमदीनेजाद म्हणाले की तुमच्या देशात असतात तसे समलिंगी आमच्या देशात नाहीतच. सभागृहात हशा पिकला, हुर्यो उडाली, आणि ते वाक्य जगभर गेलं. अख्ख्या परिचयाने जे साधलं नाही ते एका साध्या प्रश्नाने साधलं.

म्हणून परिचय नव्वद सेकंदांचा ठेवा. नाव, काम, ज्या भूमिकेमुळे वाद आहे ती भूमिका पाहुणा स्वतः ज्या शब्दांत मांडतो त्या शब्दांत, आणि ‘या भूमिकेला इथे अनेकांचा विरोध आहे, त्यांनाही आज वेळ दिलेला आहे’ हे एक वाक्य. विशेषणं शून्य. मजकूर पाहुण्याला आदल्या दिवशी पाठवा. त्याने एखादा तपशील चुकला म्हणून सांगितलं तर दुरुस्त करा, स्तुती घालायला सांगितली तर नम्रपणे नाही म्हणा.

सूत्रसंचालक आणि माइक

सूत्रसंचालक असा निवडा ज्याचं पाहुण्याशी मतैक्य नाही, पण ज्याला दोन्ही बाजू मानतात. माइकच्या बाबतीत माझा हट्ट असतो की श्रोत्यांमधला माइक उभ्या दांडीवर एका जागी असावा. हातात फिरणारा माइक कोणाला मिळाला नि कोणाला नाही यावरून भांडणं होतात. रांगेत उभं राहायचं ठरलं की तो वाद उरत नाही.

व्यत्यय आला तर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून ठेवा. ऐन वेळी सुचतं ते बहुधा चिडून सुचतं. माझ्या कागदावर असं असतं:

“तुमचा विरोध सगळ्यांनी ऐकला. आता भाषण पुढे चालू द्या. प्रश्नांच्या वेळी पहिला माइक तुमचा.”

पाच मिनिटांनी पुन्हा झालं तर: “हे दुसऱ्यांदा होतंय. इतरांना ऐकू येत नाहीये. आता थांबला नाहीत तर तुम्हाला बाहेर जायला सांगावं लागेल.”

तिसऱ्या वेळी बाहेर. हात न लावता, ओळखीच्या प्राध्यापकाने जवळ जाऊन सांगायचं. सुरक्षारक्षक दाराबाहेर असावेत, व्यासपीठाच्या कडेला नकोत. आणि छोट्यामोठ्या हुर्योकडे दुर्लक्ष करा. एखादी आरोळी, कुत्सित हशा, ‘शेम शेम’ हे सभेचे श्वासोच्छ्वास आहेत. पाच सेकंदांत विरतं त्यासाठी भाषण थांबवलं की ओरडणाऱ्याला व्यासपीठ मिळतं.

केंब्रिजमध्ये २ फेब्रुवारी २००९ रोजी चीनचे पंतप्रधान वेन जियाबाव बोलत असताना एकाने शिटी वाजवली, आरडाओरडा केला आणि बूट भिरकावला. बूट लागला नाही, माणसाला बाहेर नेलं, भाषण पुढे सुरू झालं. इतकंच व्हायला हवं असतं.

याउलट मार्च २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या कायदा विद्यालयात न्यायाधीश काइल डंकन यांच्या भाषणात विद्यार्थ्यांनी वारंवार अडथळे आणले. डंकन यांनी व्यवस्थापनातल्या कोणालातरी मध्ये पडायला सांगितलं. तेव्हा पुढे आलेल्या सहयोगी डीनबाई माइकपाशी गेल्या आणि हा कार्यक्रम मुळात करण्याजोगा होता का, यावरच बोलू लागल्या. बोलू देण्याचं समर्थनही त्यांनी केलं, पण नियम लागू करायला आलेला माणूस त्या क्षणी स्वतःचं मत मांडू लागला की सभेला कोणी धनी उरत नाही. भाषण अर्धवट संपलं. नंतर विद्यापीठाने न्यायाधीशांची माफी मागितली, आणि डीन जेनी मार्टिनेझ यांनी सविस्तर पत्र लिहून विद्यार्थ्यांना भाषणस्वातंत्र्यावरचं अर्ध्या दिवसाचं सत्र सक्तीचं केलं.

प्रश्न कसा विचारावा

हा भाग विद्यार्थ्यांसाठी, आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारा. जुन्या वादपद्धतीत आधी पूर्वपक्ष मांडायचा असे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा रीतीने सांगायचं आणि मग आपला उत्तरपक्ष. प्रश्नाच्या रांगेत हे तीन वाक्यांत करता येतं. पहिल्या वाक्यात त्याचं विधान, दुसऱ्यात त्याला छेद देणारी वस्तुस्थिती, तिसऱ्यात प्रश्न. घरून लिहून आणा आणि मोठ्याने वाचून बघा. चाळीस सेकंदांच्या वर गेलं तर कापा.

एकदा रांगेतली सहावी मुलगी माइकपाशी आली. हातात वही, वहीत बोट घातलेलं. तिच्या आधीच्या पाच जणांनी भाषणंच ठोकली होती आणि वक्ता त्यांना हसून टोलवत होता. ती म्हणाली, “तुमच्या पुस्तकात तुम्ही ही आकडेवारी संपूर्ण देशाची म्हणून दिली आहे. ज्या अहवालाचा दाखला दिलात त्यात ती फक्त दोन जिल्ह्यांची आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करणार का?” आवाज चढलेला नव्हता. वक्त्याने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, म्हणाला, “तपासून बघावं लागेल.” ती “थँक यू” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. त्या सभेतलं मला एवढंच लख्ख आठवतं.

‘तुम्हाला लाज वाटत नाही का?’ हा प्रश्न कितीही मनापासून आला तरी त्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच येतं, आणि पुढे बोलायला जागा उरत नाही. वक्त्याने टाळाटाळ केली तर पुरवणी प्रश्न विचारायची मुभा ठेवा, एकदाच. सूत्रसंचालकानेही अशा वेळी म्हणावं, “त्यांचा प्रश्न आकड्याचा होता, त्याचं उत्तर राहिलं.” पाहुण्याला उत्तर द्यायला लावणं हे असभ्य नाही.

निषेध करायचा असेल तर

जरूर करा. काळी फीत, मूक उभं राहणं, मागच्या बाजूला फलक, बाहेर समांतर सभा, भाषणानंतर प्रतिवादाचं व्याख्यान, सगळं चालतं. सभात्याग करायचा तर एकत्र आणि सुरुवातीला करा. भाषणभर एकेकाने उठत राहिलं तर तो व्यत्यय होतो. आणि हे लक्षात असू द्या की पाळीपाळीने उठून एकेक वाक्य ओरडणं हा एकट्यासाठी क्षणाचा निषेध असला तरी मिळून सभाबंदी होते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन आवारात इस्रायलचे राजदूत मायकल ओरेन यांच्या भाषणात नेमकं हेच झालं. अकरा जणांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी दहा जणांना न्यायालयाने दोषी ठरवलं. विद्यार्थ्यांवर फौजदारी खटला भरणं मला अतिरेकी वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण त्यांच्या मुद्द्यापेक्षा त्यांच्या खटल्याचीच चर्चा जास्त झाली, हेही खरं.

बहिष्काराचा पर्यायही आहे आणि तो कमी लेखू नका. आठशे खुर्च्यांच्या सभागृहात साठ डोकी बघणं वक्त्याला घोषणांपेक्षा जास्त लागतं. मात्र जागा अडवण्यासाठी नावनोंदणी करून न येणं ही लबाडी आहे. ऐकायला येणाऱ्याची खुर्ची त्यात जाते.

पाहुण्याकडूनही काही मागा

सौजन्याचा सगळा भार यजमानावर टाकायचं कारण नाही. पाहुण्याने वेळ पाळावी, प्रश्नांना उत्तरं द्यावीत, आणि कोणा विद्यार्थ्याला नाव घेऊन किंवा बोट दाखवून हिणवू नये. शेवटची अट पत्रात आवर्जून घाला. कसलेले वादग्रस्त वक्ते कधीकधी चिथावणीवरच जगतात. समोरचा चिडला की त्यांची चित्रफीत तयार. स्टॅनफर्डमध्ये न्यायाधीश महाशयांचाही तोल सुटला होता आणि त्यांनी विद्यार्थ्यांना टाकून बोलून घेतलं होतं.

चांगला नमुना हवा असेल तर १४ सप्टेंबर २०१५ चा घ्या. स्वतःला समाजवादी म्हणवणारे अमेरिकी सिनेटर बर्नी सँडर्स त्याच फॉलवेल यांनी स्थापन केलेल्या लिबर्टी विद्यापीठात बोलले. समोरच्या विद्यार्थ्यांना त्या सभेला हजर राहणं सक्तीचं होतं. सँडर्स यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की गर्भपात आणि समलिंगी विवाह यांवर माझं तुमचं पटत नाही, पटणारही नाही. मग गरिबी आणि विषमतेवर बोलले. मतभेद आधी टेबलावर ठेवला की तो लपवण्यात कोणाची शक्ती जात नाही.

सभा संपल्यावर

पाहुण्याला दारापर्यंत सोडा, गाडीत बसवा, गाडी निघेपर्यंत थांबा. हे काम सुरक्षारक्षकावर ढकलू नका. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत, जसंच्या तसं, प्रश्नोत्तरांसह उपलब्ध करा, कारण उशीर झाला की ज्याच्या त्याच्या मोबाइलमधले तीस सेकंदांचे तुकडे फिरतात आणि सभा तीच होती असं लोक धरून चालतात. आभाराचं पत्र छोटं असू द्या. वेळ दिल्याबद्दल आभार, विचारांबद्दल काही नाही.

आणि निषेधाच्या पत्रकावर पहिली सही ज्यांची होती त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करा. व्यवस्थेत काय खटकलं ते विचारा, लिहून घ्या. आमच्या तीन ओळींच्या नियमांतली तिसरी ओळ, पाठ फिरवून उभं राहण्याची जागा सांगणारी, अशाच एका फोननंतर आजच्या शब्दांत आली. पहिल्या मसुद्यात ‘परवानगी दिली जाईल’ असं होतं. पलीकडून आवाज आला, “परवानगी कसली, सर? जागा कुठे ते सांगा.” मी खोडून तसं केलं.